काटोलपुढचे नऊ दगड

काळ आणि वेग यांचं गणित ज्याला उमगलं त्याला आयुष्य उमगलं, असं मी गेली बावीस वर्षं वर्गात सांगत आले आहे. वाक्य वजनदार आहे. मुली ते वहीत उतरवून घेतात, काही जणी खाली रेघही मारतात. या बावीसपैकी पहिली काही वर्षं माझ्याकडे सायकलसुद्धा नव्हती. मी फळ्यावर दोन गावांहून दोन मोटारी सोडत असे, त्या कुठे आणि केव्हा भेटतील ते सेकंदापर्यंत सांगत असे, आणि स्वतः मात्र कॉलेजात पायी, बहुतेक वेळा पाच मिनिटं उशिरा पोचत असे.

मार्च आला की हे सगळं आठवतं. नागपुरात मार्च म्हणजे मृग बहाराची संत्री आणि परीक्षा. दोन्ही एकदमच येतात आणि दोन्हींचा वास जिन्यापासून सुरू होतो. काल मी परीक्षागृहात पर्यवेक्षण करत होते. तीन तास फेऱ्या मारण्याखेरीज या कामात काही नसतं, त्यामुळे माणूस बाकांचं निरीक्षण करतो. जुन्या बाकांना दौत ठेवायची भोकं आहेत आणि दौती केव्हाच गेल्या. प्रत्येक भोकात संत्र्याच्या बिया होत्या. खिडकीतून गरम वारा आत येत होता. मैदानापलीकडच्या रस्त्यावरून एक फटफटी गेली, आणि पहिल्या रांगेतल्या मुलीनं पेपरातून मान वर केली. तिनं खिडकीकडे पाहिलं नाही. नुसतं ऐकलं. मग पुन्हा लिहू लागली.

असं ऐकणारी एक मुलगी माझ्या वर्गात होती, एकोणसत्तर साली. कुंदा मेश्राम.

हे आज लिहायचं कारण असं की एका मुलींच्या शाळेनं मला भाषणाला बोलावलं आहे. विषय आहे 'मुलींनो, यंत्रयुगाची कास धरा'. निमंत्रणपत्रिकेत दीपप्रज्वलन आहे, स्वागतगीत आहे, शाल-श्रीफळ आहे आणि माझ्या भाषणाला बारा मिनिटं आहेत. मुलींना उत्तेजन द्यावं अशी मुख्याध्यापिकाबाईंची इच्छा आहे. मला अडचण एवढीच वाटते की कुंदाला त्या मोसमात उत्तेजन कोणीच दिलं नव्हतं. मी तर तिच्या घरी तक्रार घेऊन गेले होते.

कुंदा तेव्हा एकोणीस वर्षांची, बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला. शेवटच्या बाकावर, खिडकीशी. नखं काळी. तिला फळ्यापाशी बोलावलं तर साधं अवकलन अर्ध्यात सोडून द्यायची. एकदा चिडून विचारलं, लक्ष कुठे आहे? ती अगदी सरळपणे म्हणाली, "बाई, आता जे कार गेली ना, तिचा एक व्हॉल्व गळून राहिला. चौथा ठोका हलका पडून राहिला." वर्ग हसला. मीही बहुधा हसले असेन. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी तिच्या वडिलांना भेटायला गेले.

मेश्राम मिस्त्रींचं वर्कशॉप माझ्या खोलीपासून हाकेच्या अंतरावर होतं. पत्र्याचं छप्पर, पुढे कडुनिंब, आणि त्याखाली काटोल-नरखेडकडच्या बागांमधून बैलगाडीनं, ट्रकनं आलेली ऑइल इंजिनं उघडून पडलेली. विहिरीवरचं इंजिन बंद पडलं की संत्र्याची बाग आठ दिवसांत माना टाकते, त्यामुळे मिस्त्रींकडे येणारा शेतकरी दवाखान्यात आल्यासारखा चेहरा करून बसलेला असे. मिस्त्री कमी बोलायचे. तळहाताच्या सगळ्या रेषा काळ्या ठळक झालेल्या. ज्योतिष्याला वाचायला फार सोप्या गेल्या असत्या, पण छप्पन साली दीक्षा घेतल्यापासून मिस्त्रींनी ज्योतिष्यांना गिऱ्हाईक म्हणूनच तेवढी ओळख दिली होती.

"पोरगी अभ्यास नाही करत का, बाई?" त्यांनी विचारलं.

"करते. पण तिचं मन वर्गात नाही."

"तिचं मन मले माहीत हाय कुठं हाय," असं म्हणून त्यांनी कडुनिंबाकडे मान वळवली. तिथे कुंदा एका जुन्या फटफटीपुढे उकिडवी बसली होती. लष्कराच्या मोडीतून आलेली फटफटी, इंग्रजांच्या काळातली, मीटर मैलांचं. मिस्त्रींनी ती कधीतरी मजुरीच्या बदल्यात घेतलेली आणि विसरलेली. कुंदानं हिवाळाभर बसून ती जिवंत केली होती.

मिस्त्रींच्या मनात मुलीचं भविष्य फार स्पष्ट होतं. पदवी घेईल, ऑफिसात लागेल. डोक्यावर पंखा असेल. टेबलावर काच असेल. ही काच त्यांच्या बोलण्यात पुन्हा पुन्हा यायची. कुठल्यातरी कचेरीत त्यांनी हिरव्या कापडावर काच ठेवलेलं टेबल पाहिलं होतं, आणि आपल्या घरातलं कोणीतरी अशा टेबलामागे बसावं हे त्यांनी ठरवून टाकलं होतं. कुंदाला मात्र पदवी सोडून तंत्रनिकेतनात जायचं होतं, यंत्र अभियांत्रिकीला. फॉर्म जूनमध्ये भरायचा. त्यावर पालकाची सही लागते. तिनं डिसेंबरपासून विचारायला सुरुवात केली होती आणि मिस्त्री डिसेंबरपासून "पाहू" म्हणत होते. आपल्याकडे घरात 'नाही' हा शब्द फारसा वापरत नाहीत. 'पाहू' पुरतं.

त्या दिवशी माझ्यासमोरच ठिणगी पडली. मी शिक्षिका, म्हणजे आपल्या बाजूची, असा दोघांचाही समज झाला असावा.

"सांगा बाई, तुमीच सांगा हिले," मिस्त्री म्हणाले. "माहे हात काळे झाले ते हिचे पांढरे राहावं म्हून. इतकं शिकून हे बी पानाच धरन, त मी शिकाले पाठवलं काहून?"

"बाबा, मी मिस्तरी नाही, इंजिनेर होतो म्हणून राहिली."

"हात त तेवढेच काळे होते ना वं?"

 मी लग्नातल्या पाहुणीसारखी चहा पिऊन परत आले. खरं सांगायचं तर मिस्त्रींचं मला पटलं होतं. ज्या माणसाच्या घरात पिढ्यान् पिढ्या दुसऱ्यांनी नेमून दिलेली कामं आली, त्याला स्वच्छ टेबलाचं मोल काय असतं ते आम्हा पुस्तकवाल्यांना काय कळणार? आणि यंत्रयुगाची कास धरा असं सांगणाऱ्या माणसांचे हात मी नेहमी पाहून घेते. ते फार गोरे असतात.

शहरात तेव्हा एक मोटार क्लब होता. धंतोलीतले दोन-तीन डॉक्टर, एक ठेकेदार, एक वकील आणि सेक्रेटरी म्हणून एक निवृत्त मेजर. क्लबाला बोधचिन्ह होतं, लॅटिनमध्ये ब्रीदवाक्य होतं आणि मेजरांच्या गळ्यात शिट्टी होती. मोटारी मात्र पुष्कळदा मेश्राम मिस्त्रींच्या कडुनिंबाखाली सापडायच्या. या क्लबानं मार्चच्या एका रविवारी रॅली जाहीर केली. नागपूरहून काटोल, आणि काटोलच्या पुढे नरखेड तालुक्यातल्या एका गावी, एका बागाईतदाराच्या संत्र्याच्या बागेत शेवट. तिथेच जेवण, तिथेच बक्षिसं.

ही शर्यत नव्हती, हे नागपूरकरांना शेवटपर्यंत पटलं नाही. प्रत्येक टप्प्याला वेग नेमून दिलेला. तेवढाच सरासरी वेग राखून पोचायचं. उशिरा आलात तर मिनिटाला एक गुण वजा, आणि लवकर आलात तरी मिनिटाला एक गुण वजा. प्रत्येक गाडीवर एक चालक आणि एक हिशेब करणारा मार्गदर्शक. नियमावली आठ पानांची होती. मुलींना मनाई आहे असं त्यात कुठेही नव्हतं. कोणाच्या डोक्यातच आलं नसणार.

कुंदा नियमावली घेऊन माझ्या खोलीवर आली.

"बाई, हे त तुमचंच गणित हाय. काळ, वेग, अंतर."

"असेल. पण मी फटफटीवर कधी बसले नाही."

"बसायचंच त हाय. चालवतो मी."

पुढे जे बोलली ते मात्र हलक्या आवाजात. क्लबानं त्या दिवशीचा मेकॅनिक म्हणून तिच्या वडिलांनाच बोलावलं होतं. ते सकाळच्या एस.टी.नं हत्यारांची पेटी घेऊन बागेत जाणार, शेवटच्या फाटकावर बसणार. आणि मिस्त्री तिला म्हणाले होते, "तुह्या हातची गाडी इथून निंगून तिथं बरोबर टायमावर आली, त फारमाचं बोलू. उशीर झाला त समजीन का रस्त्यात बंद पडली." 'पाहू'च्या भिंतीला तीन महिन्यांत पडलेली ही पहिली फट होती.

मी हो म्हणाले. का ते मला अजून नीट सांगता येत नाही. त्या दिवशी बहुपदींच्या बेचाळीस वह्या तपासायच्या होत्या, हे एक कारण असू शकेल.

आधी मीटर तपासायला हवं, कुंदा म्हणाली. जुनं मीटर, त्यात मैलांचं, त्यावर विश्वास कसा ठेवायचा? म्हणून एका सकाळी आम्ही काटोल रोडवर गेलो. किलोमीटरच्या दोन दगडांमध्ये फटफटी ढकलायची आणि चाकाचे फेरे मोजायचे. पुढच्या चाकाच्या आरीला तिनं लाल चिंधी बांधली होती. ती ढकलत होती आणि मी पदर खोचून, वाकून, चिंधी वर आली की आकडा म्हणत होते. सायकलवरून दूध घेऊन चाललेला एक म्हातारा आमच्याजवळ उतरला.

"काय वं पोरी, बंद पडली का?"

"नाही बाबाजी. मोजून राहिलो."

"काय?"

"किलोमीटर."

म्हातारा विचारात पडला. "सरकारनं मोजला नाही का?"

"मोजला असन. पण चाक आमचं हाय."

चारशे त्र्याऐंशी फेरे भरले. हा आकडा मला माझ्या जन्मतारखेआधी आठवतो.

रॅलीच्या दिवशी सकाळी सुरुवातीच्या रेषेवर कमान होती, पताका होत्या, आणि मेजर शिट्टी वाजवून इतक्या सूचना देत होते की कुठली शिट्टी कशाची ते कोणालाच कळत नव्हतं. धंतोलीतल्या एका डॉक्टरांनी आपल्या गाडीच्या खिडकीतून आम्हाला पाहिलं. माणूस वाईट नव्हता. विनोद करायची सवय होती, एवढंच.

"वा, वा! मिस्त्रींची मुलगी पण? मग घरी डबा कोण बांधणार?"

"डबा बाईनं बांधला, डॉक्टरसाहेब," कुंदा म्हणाली. "तुमच्या क्लचची केबल मी बांधली. दोनातून एक बी सुटलं त सांगजा."

मी पाचवारी नेसून, एका बाजूला पाय टाकून बसले होते. मांडीवर पुठ्ठ्याला लावलेला तक्ता, गळ्यात भौतिकशास्त्र विभागातून मागून आणलेलं स्टॉपवॉच. या बसण्याला पुढे फार हसले लोक. पण एक गोष्ट कोणाच्या लक्षात आली नाही. आपल्याकडे बाई दुचाकीवर बसते ती डाव्या अंगाला तोंड करून, आणि अंतराचे दगड असतात रस्त्याच्या डाव्या बाजूला. इतर गाड्यांवरच्या मार्गदर्शकांना मान वळवून दगड शोधावे लागत होते. माझ्यासमोरून ते विद्यार्थ्यांसारखे हजेरी देत चालले होते.

काटोलपर्यंत आम्ही सुरेख गेलो. कळमेश्वरच्या तपासनाक्यावर शून्य दंड, काटोलला शून्य दंड. पळस फुलला होता, पण पळसाकडे बघायला मला सवड नव्हती. काटोलच्या बाजारात संत्र्यांचे ढीग, गवत पसरलेले ट्रक, आणि हवेत सालीचा असा झणका की डोळ्यांत पाणी यावं. तिथं शेवटच्या टप्प्याचा कागद मिळाला. काटोल ते बाग, नऊ किलोमीटर. वेग ताशी छत्तीस. म्हणजे पंधरा मिनिटं. ताशी छत्तीस हा शिक्षकाला आवडणारा वेग आहे. किलोमीटरला बरोबर शंभर सेकंद.

पहिल्या दगडाशी मी घड्याळ दाबलं. शंभर सेकंद झाले. दगड नाही. एकशे वीस. एकशे चाळीस. एकशे एकसष्टला दगड आला. नवा कोरा रंग, काळा ठळक आकडा, पुढे 'कि.मी.'.

"कुंदा, तू हळू चालवते आहेस."

"नाही बाई. मीटर पाहा ना. छत्तीसचे मैल केले त साडेबावीस. साडेबावीसवरच काटा हाय."

पुढचा दगडही एकशे एकसष्टला आला. मग आम्हा दोघींना एकदमच कळलं. एका दगडापासून दुसऱ्यापर्यंत आमच्या मीटरवर एक मैल भरत होता. पुरा एक मैल. जुने मैलांचेच दगड होते ते. होळीआधी दगड रंगवून घ्यायची पद्धत आहे. त्या वर्षी रंगाऱ्याला कोणीतरी सांगितलं असणार की आता मैल गेले, किलोमीटर लिही. त्यानं इमानेइतबारे 'मैल' पुसून 'कि.मी.' लिहिलं. आकडे बदलायला त्याला कोणी सांगितलं नव्हतं. आणि क्लबानं तक्ता केला तो दगड वाचून.

मागून डॉक्टरांची गाडी धुरळा उडवत आमच्या पुढे गेली. मग ठेकेदारांची. मग एक स्कूटर, तिच्यावरचा मार्गदर्शक टोपी धरून बसलेला. घड्याळ पळत होतं, गाव येत नव्हतं, आणि सगळे जीव खाऊन गाड्या हाणत होते. एका वळणावर बैलगाडीतून सांडलेली संत्री रस्ताभर होती, आणि गाडीवान ज्या भाषेत क्लबाचा गौरव करत होता ती मी इथे लिहू शकत नाही.

"कुंदा, वेग वाढव," मी म्हणाले. "ऐंशीला नेलंस तर अजून पोचू. बाबा बसलेत फाटकावर."

"माहीत हाय मले."

"उशीर झाला तर ते काय समजतील?"

तिनं काट्याकडे पाहिलं. या फटफटीला ऐंशी म्हणजे काहीच नव्हतं. मुठीचं एक वळण. तेवढ्यानं फॉर्मवर सही मिळणार होती.

"कागदावर छत्तीस लिहिलं हाय, बाई," ती शेवटी म्हणाली. "दगड चुकला त मी काहून चुकू?"

बहुपदी, मर्यादा, अवकलन यांविषयी मी आजवर जे शिकवलं त्यात या वाक्याच्या तोडीचं काही नाही. तेव्हा मात्र मला तिचा राग आला.

चोवीस मिनिटांनी आम्ही बागेच्या फाटकातून आत शिरलो. नऊ मिनिटं उशीर. नोंद करणाऱ्या तरुणानं आकडा लिहिला आणि सहानुभूतीनं म्हणाला, "होतं असं, ताई. पुढच्या साली जमन." मिस्त्री फाटकापाशी स्टुलावर बसले होते. ते उठले, पाना घेतला, प्लग काढला, पाहिला, परत बसवला. इंजिनाला कान लावला. मग मुलीकडे पाहिलं.

"इंजिन त मस्त हाय. मंग?"

"दगड खोटे हाय, बाबा. मैलाचे दगड हाय आन किलोमीटर लिहिलं हाय."

शामियान्यात सगळे वेळेवर पोचलेले लोक संत्री सोलत बसले होते. कुंदा सरळ मेजरांपुढे जाऊन उभी राहिली आणि तेच सांगितलं. हास्याची एक लाट गेली. वकील म्हणाले की हरल्यावर रस्ता नेहमीच लांब होतो. मेजर हसले नाहीत, पण त्यांनी मान हलवली. "बेटी, दगड सरकारी आहे. सरकारी दगडाला आपण चॅलेंज करू शकत नाही."

तेव्हा मागून आवाज आला.

"नऊ मैल हाय, साहेब."

मेश्राम मिस्त्री शामियान्याच्या दोरीशी उभे होते, हातात पाना तसाच. इतक्या लोकांत त्यांना बोलताना मी प्रथमच ऐकत होते. क्लबातले निम्मे लोकही.

"हा कारखाना टाकाच्या आंधी बारा वर्षं मी ह्या बागांमधी सायकलनं यायचो, इंजिनं दुरुस्त कराले. काटोलहून नऊ मैल. पेटी माह्या पाठीवर राहे. सरकारनं गाव जवळ आणलं असन त मले माहीत नाही. माह्या पायाले नऊच मैल माहीत हाय."

 मग मेजरांनी टोपी घातली आणि शिट्टी वाजवली. या शिट्टीचा अर्थ पहिल्यांदाच सगळ्यांना कळला.

त्यानंतरचं दृश्य मी हयातीत विसरणार नाही. मार्चचं दुपारचं ऊन. काटोल-नरखेडकडचा डांबर उखडलेला रस्ता. फटफटी ढकलताहेत धंतोलीतले डॉक्टर. मग पाळी ठेकेदारांची, मग वकिलांची. कुंदा चाकाशेजारून चालते आहे, नजर लाल चिंधीवर, आणि सगळा मोटार क्लब मोठ्यानं आपापले आकडे म्हणतो आहे. गावातली पोरं मागे. एक म्हातारी बांधावरून ओरडून विचारते, "काय गा, मयत कोनाची?" दुसरा दगड आला तेव्हा कुंदाचे आणि माझे सातशे सत्त्याहत्तर फेरे भरले होते. डॉक्टरांचे सातशे एक्क्याण्णव. ठेकेदारांचे सातशे चाळीस, आणि ते त्यांच्या धंद्याला शोभून दिसलं. चारशे त्र्याऐंशीच्या जवळपास कोणाचेच नव्हते.

मेजरांनी क्लबाची जाड वही मागवली आणि बॉनेटवर ठेवून लिहिलं. शेवटचा टप्पा नऊ मैल. वेळ चोवीस मिनिटं. म्हणजे वेळेवर आलेले सगळे लोक नऊ मिनिटं लवकर आले होते.

"हे बरोबर नाही, मेजर," डॉक्टर म्हणाले. "आम्ही तर तक्त्याप्रमाणे चालवली."

"तक्त्यावर वेग छत्तीस लिहिला होता, डॉक्टर. तुम्ही किती ठेवलात?"

डॉक्टरांनी संत्र्याची फोड तोंडात टाकली. पुढे मात्र तेच मोठ्यानं हसले आणि कुंदाला म्हणाले, "केबल नाही सुटली हो."

वहीत खाली एक ओळ मोकळी होती. मेजरांनी पेन कुंदापुढे धरलं. "मोजणी करणाऱ्याची सही."

कुंदानं हात पुढे केला. हात काळा होता. मिस्त्री चटकन पुढे आले, खांद्यावरचं फडकं काढत. "थांबा साहेब, हात काळा हाय तिचा. डाग पडन वहीले."

"पडू द्या," मेजर म्हणाले. "मोजलं कोणी? मग सही तिचीच लागेल. माझी चालत नाही इथे."

तिनं सही केली. नावाशेजारी अंगठ्याचा काळा ठसा उमटला. मिस्त्री बराच वेळ त्या पानाकडे पाहत होते. तीस वर्षं त्यांनी इंजिनं चालू केली होती आणि चालू झाल्याच्या कागदावर दरवेळी दुसऱ्या कोणीतरी सही केली होती. फडकं त्यांनी परत खांद्यावर टाकलं.

बक्षीस समारंभ ठरल्याप्रमाणे झाला. प्रमुख पाहुण्यांनी भाषण आधीच लिहून आणलं होतं, तेव्हा त्यांनी पहिल्या क्रमांकाच्या विजेत्यांच्या पौरुषाचं कौतुक केलं आणि आम्हा दोघींच्या हातात चषक दिला. चषकाबरोबर दाढीच्या सामानाचे दोन संच होते. माझा मी भावाला दिला. कुंदाचा मिस्त्रींनी वापरला, आणि पुढे कित्येक वर्षं गिऱ्हाइकांना विषय नसतानाही दाखवला.

मी चषक हातात धरून बसले होते आणि मला कळत होतं की काळ-वेगाच्या गणिताबद्दलचं ते वजनदार वाक्य मी यापुढेही सांगणार, कारण मुली त्याखाली रेघ मारतात. पण आपल्याला ते आजपर्यंत कळलेलं नव्हतं.

शाळेतल्या भाषणात हे सगळं बारा मिनिटांत बसणार नाही. आणि सांगितलं तरी मुख्याध्यापिकाबाईंना हवं ते त्यात नाही. मुलींना हिंमत द्या असं म्हणतात. कुंदाला ती कोणी दिली नव्हती, आणि तिच्याकडे ती कमीही नव्हती. तिला हवी होती ती कडुनिंबाखालची जागा, एक सोडून दिलेली फटफटी, मनाई लिहायला विसरलेली एक नियमावली, आणि आपला शब्द मागे घेऊ शकणारा बाप. यातलं काहीही शालीत गुंडाळून देता येत नाही. तरी मी जाणार आहे. माझ्यासमोर बसलेल्या मुलींपैकी एखादीला खिडकीबाहेरचा चौथा ठोका हलका ऐकू येत असेल, तर तिला एवढं तरी कळायला हवं की हा कानाचा दोष नाही, आणि या ऐकण्याचं शिक्षण मिळतं, त्याची नोकरी असते, त्यावर पोट भरतं, आणि चांगलं भरतं. हे मी तिला सांगेन. कास धरण्याबद्दल दुसरं कोणीतरी बोलेलच.

जूनमध्ये मिस्त्री फॉर्म घेऊन माझ्याकडे आले. कुठे सही करायची ते त्यांना दिसत होतं, पण मी बोट ठेवून दाखवावं अशी त्यांची इच्छा होती. त्यांनी एकेक अक्षर सुटं काढून सही केली. मग म्हणाले, "ह्या इंजिनेर लोकाईले टेबल त राहते ना, बाई?"

"असतं."

"काच?"

"ती सांगून बसवून घेता येते."

कुंदा तीन वर्षांनी पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाली. आज ती पुण्याकडच्या एका वाहनांच्या कारखान्यात चाचणी विभागात आहे. नवी गाडी बाजारात यायच्या आधी ती स्वतः चालवते, वळणावर, चढावर, खडीवर, आणि मग अहवाल लिहिते. तिची सही झाल्याशिवाय गाडी दारातून बाहेर पडत नाही. तिच्या हाताखालच्या दोन मुली गेल्या वर्षी दक्षिणेतल्या एका मोठ्या रॅलीत उतरल्या आणि पुरं अंतर कापून पोचल्या. मिस्त्री एकदा तिचं ऑफिस पाहून आले. टेबलावर काच आहे की नाही हे ते बघायला विसरले.

तंत्रनिकेतनात त्या साली यंत्र शाखेला एकशे वीस मुलगे आणि एक मुलगी होती. प्राचार्यांनी पहिल्याच दिवशी तिच्या सत्काराचं भाषण केलं आणि संस्थेच्या इतिहासात नवं पर्व सुरू झाल्याचं जाहीर केलं. इमारतीत बायकांसाठी संडास नव्हता. तीन वर्षं कुंदा मधल्या सुट्टीत सायकलवरून घरी जाऊन यायची. तिनं पहिल्या आठवड्यात दिलेला अर्ज मंजूर व्हायला तीन वर्षं लागली, आणि ती उत्तीर्ण होऊन बाहेर पडल्यानंतरच्या महिन्यात पाहुण्यांच्या हस्ते फीत कापून संडासाचं रीतसर उद्घाटन झालं. नळाला पाणी नव्हतं.